आमच्या फाटकापुढची गाडी

६ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

फोनवर मी घसा फोडून काहीतरी विचारते आणि तू पलीकडून "हो हो, जेवले" म्हणतेस, म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं की कळव. तोवर आपली सगळी भिस्त पोस्टमनवर.

इथे एक गंमत चालली आहे. गंमत म्हणावं की आणखी काही, तेच मला कळेनासं झालंय. गेले काही दिवस सकाळी आमच्या फाटकापुढे अनोळखी गाड्या येऊन उभ्या राहतात. दर वेळी वेगळी. धुतलेली, पुसलेली, टायरांनासुद्धा पॉलिश केलेलं. गाडीतून टाय लावलेला एक माणूस उतरतो, फाटक जरासं उघडं करतो, व्हरांड्यातली माझी वेताची खुर्ची थोडी डावीकडे सरकवतो, फोटो काढतो, खुर्ची जागच्या जागी ठेवतो आणि निघून जातो. खुर्ची न विसरता परत ठेवतो, म्हणून मला तो घरंदाज वाटला.

पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन विचारलं. तो म्हणाला, मावशी, असं घर आता बघायलासुद्धा मिळत नाही, तुमची हरकत नसेल तर दोन फोटो काढतो. आपल्या घराला कोणी असं म्हटलं की माझं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. मी त्याला कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी तर मी त्याच्या आधी उठून फाटकाबाहेरचा पाचोळासुद्धा झाडून ठेवला. हसू नकोस. एकटं राहिलं की माणूस कौतुकाला लवकर भुलतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मंगळवारी मी खिडकीचा पडदा सारला आणि हातातला कप तसाच राहिला. फाटकापुढे आपली गाडी उभी होती. तोच फिकट निळा रंग, तेच गोल दिवे, जरा आश्चर्य वाटल्यासारखा तोच चेहरा. मी शाल ओढून बाहेर गेले. नंबर वेगळा वाटला, पण आपला नंबर तरी मला कुठे धड आठवतोय? बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट होतं. बेबी, मला एकदम वाटलं, हे आत्ताच उतरून आत गेलेत आणि चहा मागणार आहेत.

टायवाल्याला विचारलं, ही कुठून आणली. तो म्हणाला, आली एका चांगल्या घरातून. मी म्हटलं, आमच्याकडे अगदी अश्शीच होती. त्यावर तो खूश झाला आणि म्हणाला, मग मावशी तुम्ही खिडकीत उभ्या राहा ना, फोटोला शोभा येईल. मी राहिले.

शनिवारी ती गाडी पुन्हा आली आणि पाठोपाठ एक तरुण जोडपं आलं. ती नर्स आहे, पहिलटकरीण, चालताना कमरेवर हात ठेवते. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. टायवाला रस्त्यापलीकडे फोनवर बोलत होता. ती फाटकातून आत आली आणि म्हणाली, मावशी, निळी गाडी तुमच्याच घरातली ना? कशी होती? तिनं असं विचारल्यावर मी काय करणार? म्हटलं, बसा. आणि सगळं सांगितलं. गाडीचं दार हे कोणाला आपटू देत नसत ते, रविवारी बादली घेऊन बसत ते, जुन्या चादरी जोडून मी तिला शिवलेलं आवरण, दुसऱ्याला मागे टाकून ह्यांनी कधी गाडी पुढे काढली नाही ते. ती हनुवटी तळहातावर टेकून ऐकत होती. किती वर्षांनी कोणी एवढं ऐकून घेतलं! जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, आता माझी भीती गेली."

कसली भीती, ते मला समजलं नाही. आणि आपल्याकडे निळी गाडी होती हे त्यांना कोणी सांगितलं? तू कोणाशी बोलली होतीस का?

तुझी,
वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ते येण्याच्या आदल्या संध्याकाळीच जावईबापूंनी मला त्यांच्या फोनवर एक जाहिरात दाखवली होती. लेकीला जुनी गाडी घ्यायची आहे, म्हणून ते हल्ली तेच बघत असतात. म्हणाले, आई, हे तुमच्या दादांचं घर ना?

माझ्या दादाचंच घर. पुढे माझ्या दादाची गाडी. खिडकीत तुम्ही, मी दिलेली शाल अंगावर. खाली लिहिलंय ते मी जावयांकडून दोनदा वाचून घेतलं. "एकाच कुटुंबात लाडाकोडात राहिलेली. मालकीणबाई वयस्कर, एकट्या. मालकांच्या निधनानंतर गाडी घरीच उभी. घरी येऊन पाहा."

दादा गेल्यावर मी त्याच्या वस्तूंतली एकच वस्तू मागितली होती, तीही माझ्या मुलासाठी. तुम्ही म्हणालात, गाडी विकली, पलीकडच्या गावातल्या एका मास्तरांना. मी पुन्हा विषय काढला नाही. लोकांनी विचारलं तर मीच सांगायचे, बरं झालं विकली, बाईमाणूस एकटं काय करणार गाडीचं.

आणि ती घरीच उभी होती? मी दर वर्षी येऊन राहून जाते तेव्हा कुठे असायची, मागच्या शेडमध्ये? मला कुलूप उघडून दाखवावंसंही वाटलं नाही? द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतं. मी काही हिसकावून नेणार नव्हते.

आता वर मलाच विचारता, लोकांना कोणी सांगितलं म्हणून. जाहिरात दिल्यावर लोक येणारच.

बेबी


२१ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

तू मला 'तुम्ही' लिहिलंस. मी लग्न होऊन आले तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस. पहिल्याच दिवशी, कोणी काही सांगायच्या आत, मला 'तू' म्हणाली होतीस. माझ्या सासूबाईंनी डोळे वटारले तरी तू बदललं नाहीस. आता कशाला बदलायचं?

गाडी मी विकली होती. मास्तरांनाच. हे मला पक्कं ठाऊक आहे. निदान तुझं पत्र येईपर्यंत पक्कं ठाऊक होतं. पत्र वाचलं, खुर्चीत बसले, पुन्हा वाचलं, आणि मग तुला खरं सांगते, उठून मागच्या शेडचं कुलूप काढून पाहिलं. समज, असलीच तर? छापून आलंय, माझा फोटो आहे, तू म्हणते आहेस. सगळं जग एकीकडे आणि मी एकटी म्हणते विकली. आत चादरींचं आवरण घडी करून ठेवलेलं होतं, तुटकी शिडी होती आणि कोळ्यांची जाळी. मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले. गाडी नव्हती म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि नव्हती म्हणूनच रडूही आलं. मला काय झालंय कोण जाणे.

जाहिरात मी दिलेली नाही. जाहिरात कशी देतात तेसुद्धा मला येत नाही. पण हे तुला पटवण्याआधीच दुसरं संकट उभं राहिलंय.

काल दुपारी ती नर्स आणि तिचा नवरा आले. ह्या वेळी पायी. त्यांनी ती निळी गाडी घेतली होती. हॉस्पिटलच्या उतारावर तिचे ब्रेक लागलेच नाहीत. नवऱ्यानं प्रसंगावधान राखून ती मातीच्या ढिगात घातली, म्हणून पोर वाचली. मेकॅनिकनं सीट उचकटून दाखवल्या तर खाली वाळलेला गाळ. म्हणाला, ही गाडी पुराच्या पाण्यात बुडून निघालीय, वरवर रंगवून विकलीय. ज्या दुकानातून घेतली तिथला टायवाला म्हणतो, आमचा काय दोष, मालकीणबाईंनी स्वतः तुम्हाला सगळं सांगितलं, तुम्ही त्यांच्या घरी बसून ऐकलंत.

मी म्हटलं, अगं, ती आमची गाडी नव्हेच. आमची कधीच विकली.

ती भांडायला आली नव्हती. खूप दमलेली दिसत होती. तिनं मला सरळ विचारलं, "मग त्या दिवशी तासभर तुम्ही कोणाच्या गाडीबद्दल सांगत होतात?"

दोघं गेल्यावरही मी कितीतरी वेळ त्या प्रश्नाला उत्तर शोधत बसले होते. त्या पोरीनं दुकानदाराच्या शब्दावर गाडी घेतली नव्हती, बेबी. माझ्या शब्दावर घेतली. तू मला खोटी म्हणतेस ते एक वेळ चालेल, तुझा माझा हिशोब जुना आहे. पण तिच्या लेखी मी खोटी ठरले तर कसं होईल? आणि ती चुकीचं तरी काय समजतेय?

तुझी,
वहिनी


१ मार्च

प्रिय वहिनी,

आधी ते 'तुम्ही' खोडून टाक. माझ्याकडे पत्र असतं तर मीच खोडलं असतं. मी तापट आहे हे तुला मी सांगायला नको. आणि कानात यंत्र नसलं की मी स्वतःचंच बोलणं जास्त ऐकते.

तुझं पत्र जावईबापूंना वाचून दाखवलं. ते फोन घेऊन बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, आई, हे बघा. त्या दुकानाच्या आणखी जाहिराती त्यांनी शोधून काढल्या होत्या. एक लाल छोटी गाडी, "शिक्षिकाबाईंनी फक्त शाळेत जाण्यायेण्यासाठी वापरलेली". एक पांढरी, "डॉक्टरांची". एक लांबलचक काळी, "निवृत्त कर्नलसाहेबांची". सगळ्यांच्या मागे तुझंच फाटक, तुझाच व्हरांडा, तुझीच खुर्ची. म्हणजे सध्या त्या घरात एक डॉक्टर, एक शिक्षिका, एक कर्नल आणि तू असे चौघं राहताय. भाडं तरी घेतेस का त्यांच्याकडून?

आता नीट समजून घे. त्या लोकांकडे कुठल्यातरी लिलावातल्या, पाण्यातल्या, ठोकलेल्या गाड्या येतात. दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या केल्या तर त्या तशाच दिसतात. तुझ्या फाटकापुढे उभ्या केल्या की त्यांना खानदान मिळतं. जावई म्हणतात, लोक गाडीचा फोटो बघत नाहीत, मागचं घर बघतात. ज्याचा व्हरांडा इतका स्वच्छ, त्याचं इंजिनही तसंच असणार, असं वाटतं. आणि तू तर त्यांना वर पाचोळाही झाडून दिलास! निळी गाडी निळी निघाली हा निव्वळ योगायोग. नाहीतर तू एवढी बोलली नसतीस आणि ती मुलं एवढी फसली नसती.

तुझा ह्यात काडीचा दोष नाही. म्हणून माझं ऐक. फाटकाला कुलूप घाल आणि कानांवर हात ठेव. मी सांगितलं ते माझ्या गाडीचं, तुमच्या गाडीचं नव्हे, एवढं म्हण आणि गप्प बस. ते दुकानदार लोक गोड बोलून तुलाच अडकवतील. नर्सबाईंचं वाईट वाटतं, पण तिचं निस्तरायला तिचा नवरा आहे.

आणि मास्तरांना दिलीस तेच उत्तम केलंस. माझ्या मुलानं ती महिन्याभरात झाडाला गुंडाळली असती. त्या वेळी मला तसं म्हणवलं नाही, इतकंच.

तुझी,
बेबी


१७ मार्च

प्रिय बेबी,

तुझं ऐकलं नाही. कुलूप घातलं होतं, पण शनिवारी संध्याकाळी पुन्हा काढलं. हे पत्र मन घट्ट करून वाच, कारण मी फार वाईट बोलले आहे आणि तेही तुझ्या दादाबद्दल.

नर्सचा नवरा दुकानात दोनदा जाऊन आला होता. त्याला त्यांनी उभंसुद्धा केलं नाही. त्याच्याकडूनच मला कळलं होतं, की रविवारी सकाळी टायवाला गिऱ्हाइकांना इथेच, फाटकापुढे, गाडी दाखवायला बोलावतो. मी ठरवलं, फाटकात उभं राहायचं आणि येईल त्याला खरं ते सांगायचं.

पांढरी गाडी घेऊन तो आला. पाठोपाठ एक शिंपी आणि त्याची बायको आली. मी म्हटलं, हे घर माझं आहे, ही गाडी माझी नाही, इथे कोणी डॉक्टर राहत नाहीत, ह्या लोकांचं ऐकू नका. मला वाटलं, झालं. पण टायवाला जरासुद्धा गडबडला नाही. त्यानं मान तिरपी केली, डोळ्यांत पाणी आणल्यासारखं केलं आणि हळूच त्यांना म्हणाला, "डॉक्टर गेल्यापासून मावशी असंच बोलतात. गाडीवर जीव आहे त्यांचा. सोडवत नाहीये."

आणि बेबी, ते माझ्याकडे काय मायेनं बघायला लागले! शिंप्याची बायको मला म्हणाली, आम्ही नीट ठेवू हो तिला. मी नाही नाही म्हणत होते आणि मी जितकी नाही म्हणत होते तितका त्यांचा विश्वास वाढत होता. मला क्षणभर खरोखर कळेना, की मी कोणाची बायको आहे. शेवटी त्यांनी सांगितलं, संध्याकाळी येऊन पक्कं करतो.

मी आत येऊन बसले. कपात चहा गार झाला. विचार करताना लक्षात आलं, की माझं प्रेमच त्यांच्या उपयोगाचं आहे. खरं बोलले काय, खोटं बोलले काय, मी प्रेमानं बोलते तोवर गाडी विकली जाणार. त्यांचा धंदा थांबवायचा एकच मार्ग होता, आणि तो माझ्या तोंडून निघेल असं मला वाटत नव्हतं.

संध्याकाळी ते आले. दुसरंही एक कुटुंब आलं होतं, शेजारचे दंतवैद्य फिरायला निघाले होते तेही थांबले. टायवाल्यानं पुन्हा सुरू केलं, गाडीवर जीव आहे. मी म्हटलं, हो, आमचीच गाडी. तो हसला. मग मी बोलायला लागले. म्हटलं, माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी ती कितीदा तरी ठोकली. पुराच्या पाण्यात घातली आणि आठवडाभर तिथेच ठेवली. ब्रेक लागत नसत, तर म्हणत चालायचंच. कोणाचं ऐकायचे नाहीत. मी जीव मुठीत धरून बसायचे. अशा माणसाची गाडी घेऊ नका, तुमच्या घरी लेकरं आहेत. हे सगळं मी मोठ्यानं बोलले. भर रस्त्यात. आवाज जराही कापला नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

शिंपी एक पाऊल मागे सरकला. दुसरं कुटुंब गाडीतून उतरलंच नाही. दंतवैद्य तर आ वासून माझ्याकडे बघत राहिले. ह्यांची कवळी त्यांनीच बसवली होती.

टायवाला पार गोंधळला. म्हणाला, मावशी, असं काय बोलताय. मी म्हटलं, दर रविवारी बोलणार. माझी गाडी, माझा नवरा, माझं फाटक. कोण अडवतं बघू. मग त्यानं दुकानाच्या मालकाला फोन लावला. मालक स्वतः आला, आधी दरडावून आणि मग हात जोडून बोलला. मी एकच म्हटलं, त्या नर्सची गाडी परत घ्या. दोन दिवसांत त्यांनी ती ओढून नेली आणि त्या दोघांनी दिलेले सगळे पैसे परत केले. फाटकापुढे आता कोणी येत नाही. नर्स काल येऊन गेली. माझ्या शेजारी बसून तिनं वाटाणे सोलले आणि गेली. मला वाटतं, तिच्या लेखी आता माझं खातं मिटलं.

तुझ्या लेखी मिटलंय का, ते कळव. इतकी वर्षं मी तुझ्या दादाचं नाव जपलं. त्या दिवशी पाच-दहा मिनिटांत धुळीला मिळवलं. रात्री त्यांच्या फोटोकडे बघवत नाही. सगळं धादांत खोटं आणि ते मी त्यांच्याच घराच्या फाटकात उभी राहून बोलले.

तुझी,
वहिनी


२४ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की लेक धावत आली. तिला वाटलं मला काही झालं. मग रडायला लागले तेव्हा तिची खात्रीच झाली.

धादांत खोटं? अगं, पुराचं सोडलं तर त्यात खोटं काय आहे? दादाला गाडी चालवता येत नव्हती. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त तुझ्यापुढे कोणी बोलायचं नाही. माझ्या लग्नात वऱ्हाड न्यायला त्यानं गाडी काढली, तर आमचे काका ऐनवेळी पाय दुखतोय म्हणून बसने गेले. बसने गेल्यावर पाय दुखत नाही वाटतं! दुसऱ्याला मागे टाकून तो कधी पुढे गेला नाही म्हणतेस. जाणार कसा? दुसरेच त्याला बघून बाजूला थांबायचे. तुमच्या फाटकाचा डावा खांब उजव्याहून नवा का दिसतो, त्याला त्यानं काय कारण सांगितलं होतं तुला? ट्रक? ट्रक कसला, तोच होता. मी शेजारी बसले होते. मला शपथ घातली होती, वहिनीला सांगायचं नाही.

त्यानंतर मी मागच्या सीटवर बसायला लागले आणि डोळे गच्च मिटून घ्यायचे. तो आरशात बघून म्हणायचा, बेबी झोपली वाटतं. मी झोपल्यासारखं करायचे, नाहीतर त्याला वाईट वाटलं असतं.

तेव्हा फोटोकडे खुशाल बघ. आणि मला खरं सांग, तू इतकं अचूक कसं बोललीस?

तुझी,
बेबी


३० मार्च

प्रिय बेबी,

खांबाचं मला माहीत होतं. बागेतून दिसलं होतं. ट्रक म्हणाले, मी ट्रक म्हटलं.

बाकीचं कसं बोलले ते मलाही नीट सांगता येत नाही. फाटकात उभी राहून एकेक बोलत होते आणि वाटत होतं, मी हे रचतेय. तुझं पत्र वाचल्यावर आता कळेनासं झालंय. नर्सला सांगितलं ते खरं, की शिंप्याला सांगितलं ते? रविवारची बादली खरी होती, दार आपटू देत नसत तेही खरं. आणि जीव मुठीत धरून बसायचे, तेही.

तू झोपली आहेस असं समजून मीही वळून बघत नसे. मान खिडकीकडे करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्यांना वाटायचं, मी बाहेरचं बघतेय.

म्हणजे तू मागे डोळे मिटून, मी पुढे डोळे मिटून. रस्त्याकडे बघणारे ते एकटेच. आणि तरी दर वेळी आपण घरी पोचलो, बेबी.

तुझी,
वहिनी